‘नाइन्टीन फॉर्टी-टू’ आणि आपले बेचाळीस

१/
वाचकहो, आजचा धागा एका व्हिडिओ गेमविषयी आणि एका सालाविषयी आहे. दोघांचेही नाव एकच : १९४२. ज्यांचे बालपण ऐंशीच्या दशकाची अखेर आणि नव्वदचे दशक यांत गेले, त्यांपैकी अनेकांनी हा विमानाचा खेळ पार्लरमध्ये नाणे टाकून, किंवा घरच्या टीव्हीला कॅसेटचे यंत्र जोडून खेळला असेल. या खेळाच्या आठवणी हल्ली वारंवार वाचनात येतात आणि त्यांत एक विधान हमखास असते : दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास आम्हांला या खेळाने शिकवला. माझा वाद त्या विधानाशी आहे.

२/
मी खेळाचा शत्रू आहे असा समज होऊ नये, म्हणून आधी माझी बाजू उघड करतो. मी मनोरीचा. खाडी ओलांडून मार्वेच्या धक्क्यावर उतरायचे, तेथून बसने मालाड स्टेशन गाठायचे आणि स्टेशनाजवळच्या एका अंधाऱ्या गाळ्यात शिरायचे, हा आमचा शनिवारचा मार्ग होता. बोटीचे आणि बसचे पैसे बाजूला काढल्यावर जे उरत, तेवढेच डाव. त्यामुळे प्रत्येक डाव जपून खेळावा लागे. लाल विमानांची रांग पडद्याच्या कोणत्या बाजूने येते, हे मला आजही आठवते.

३/
एका संध्याकाळी परतीच्या बोटीत आमच्या आळीतले एक वृद्ध गृहस्थ भेटले. आम्ही सारे त्यांना बाबा म्हणत असू. कुठून आलास, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, “मालाडहून. बेचाळीस खेळून आलो, बाबा.” ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बेचाळीस? ते काय खेळायचं साल आहे, पोरा?” मी त्यांना खेळ समजावून सांगू लागलो : विमान, समुद्र, जपानी, गोळ्या. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “आणि त्यात आपली माणसं कुठं असतात?” मला उत्तर देता आले नाही. हा धागा म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

४/
प्रथम खेळाची माहिती. ‘१९४२’ हा खेळ जपानच्या कॅपकॉम या कंपनीने डिसेंबर १९८४ मध्ये बाजारात आणला. पडद्याच्या तळाशी आपले विमान, वरून येणारी शत्रूची विमाने, खाली सरकत जाणारा समुद्र आणि बेटे. एक बटण गोळीबाराचे, दुसरे कोलांटी मारून गोळ्या चुकवण्याचे. टप्पे ३२ आणि त्यांची मोजणी उलटी, ३२ पासून खाली. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी आपण किती टक्के विमाने पाडली, याचा हिशेब पडद्यावर येतो. अंतिम लक्ष्य टोकियो.

५/
त्याचा रचनाकार योशिकी ओकामोतो. कोनामी या कंपनीत असताना त्याने ‘टाइम पायलट’ हा विमानाचाच खेळ १९८२ मध्ये रचला होता. कॅपकॉममध्ये आल्यानंतर त्याने ‘१९४२’ रचला. कॅपकॉमला पहिले मोठे यश मिळवून दिले ते याच खेळाने. १९८५ मध्ये तो निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आला, आणि त्या यंत्राच्या स्वस्त नकलांबरोबर मिळणाऱ्या ‘एकात अनेक’ कॅसेटींतून तो भारतातल्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ यांच्या शेजारी ‘१९४२’ हे नाव यादीत दिसले नाही, असे क्वचितच होई.

६/
आता एक गोष्ट ध्यानात घ्या. खेळ जपानी कंपनीचा. पण खेळाडूच्या हाती दिलेले विमान अमेरिकन, लॉकहीडचे पी-३८ लाइटनिंग. पाडायची विमाने जपानी आणि गाठायचे शहर टोकियो. कॅपकॉमचे मुख्यालय ओसाकात आहे. मार्च १९४५ मध्ये अमेरिकन बॉम्बरांनी टोकियो जाळले, त्यात सुमारे १ लाख माणसे एका रात्रीत मेली. त्यानंतर काही दिवसांतच ओसाकाची पाळी आली. त्या आगीनंतर चाळीस वर्षेही उलटली नव्हती, तोच त्याच शहरातल्या कंपनीने टोकियोवर चालून जाण्याचा खेळ विकायला काढला.

७/
याचे कारण मला तरी बाजारपेठेतच दिसते. नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांचे मोठे गिऱ्हाईक अमेरिकेत होते, आणि अमेरिकन मुलाला जपानी विमानात बसवून पर्ल हार्बरवर पाठवणारा खेळ तेथे खपला नसता. म्हणून आपलाच पराभव वेष्टनात बांधून जेत्याला विकला गेला. यात मी कॅपकॉमला दोष देत नाही. व्यापाराचा तो धर्म आहे. पण जो खेळ आपल्या निर्मात्यांच्याच शहराची आठवण दारात ठेवून बाजारात गेला, तो मनोरीच्या मुलाला इतिहास कसा शिकवणार होता?

८/
पहिला मुद्दा : हा खेळ अमेरिकेचाही इतिहास सांगत नाही. १९४२ साली टोकियोवर अमेरिकेचा एकच हवाई हल्ला झाला, १८ एप्रिलला. तो जिमी डुलिटल याच्या नेतृत्वाखाली ‘हॉर्नेट’ या विमानवाहू जहाजावरून उडालेल्या १६ बी-२५ बॉम्बरांनी केला. पी-३८ त्यात नव्हते. ते विमान त्या वर्षी टोकियोच्या जवळपासही फिरकले नाही. शिवाय ते विमानवाहू जहाजावरचे विमान नव्हतेच. खेळात मात्र ते जहाजावरूनच उडते.

९/
हे क्षुल्लक वाटत असेल, तर या खेळाचा पुढचा भाग पाहा. तो १९८७ मध्ये आला. त्याचे नाव ‘१९४३ : द बॅटल ऑफ मिडवे’. मिडवेची लढाई झाली जून १९४२ मध्ये! म्हणजे पॅसिफिक युद्धाला कलाटणी देणारी लढाई ज्या साली झाली, त्या सालाच्या नावाचा खेळ आधीच काढून झाला होता. म्हणून पुढच्या आकड्याला तीच लढाई चिकटवली. या खेळांत साल हा निव्वळ क्रमांक आहे. ज्याला स्वतःच्याच शीर्षकातले साल पाळायचे नाही, त्याला इतिहासाचा शिक्षक म्हणणे ही शिक्षकांची थट्टा आहे.

१०/
दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. काही जण म्हणतात, “तपशील चुकला असेल, पण निदान १९४२ हे साल तरी मुलांच्या कानांवर पडले.” वाचकहो, मराठी कानांवर ते साल आधीच पडलेले होते. आपल्या भाषेत नुसते ‘बेचाळीस’ म्हटले तरी पुरत असे. ‘बेचाळीसची चळवळ’, ‘बेचाळीसचा लढा’, ‘ते बेचाळीसमध्ये आत होते’. शतक सांगावे लागत नसे, देश सांगावा लागत नसे. मराठीत क्रियापदाविना अर्थ देणारी सालेच थोडी. त्यांत सत्तावनच्या जोडीने बेचाळीस होते.

११/
मग ते साल आपल्याकडे कसे उगवले, ते पाहू. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. ८ मार्चला रंगून पडले, आणि ब्रह्मदेशातले लाखो भारतीय जंगलांतून पायी चालत परतू लागले. ६ एप्रिलला जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे बॉम्ब टाकले. त्याच आठवड्यात कोलंबो आणि त्रिंकोमाली येथेही हल्ले झाले. २० डिसेंबरला कलकत्त्यावर पहिले बॉम्ब पडले. म्हणजे जपानी विमान हे भारतीयांच्या दृष्टीने पडद्यावरचे चित्र नव्हते. पूर्व किनाऱ्याने ते डोक्यावर पाहिले होते.

१२/
त्या वर्षी भारतीय वैमानिकही आकाशात होते, हे मुद्दाम नोंदवतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन ब्रह्मदेशात होती. तिचे नेतृत्व करुण कृष्ण मजुमदार यांच्याकडे होते. त्यांची विमाने लायसँडर जातीची : संथ, मूळ काम टेहळणीचे. त्यांनाच बॉम्ब अडकवून या स्क्वाड्रनने जपान्यांच्या विमानतळांवर हल्ले केले. मजुमदारांना त्याबद्दल डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. खेळातले पी-३८ आपल्याला पाठ. लायसँडरमधला मजुमदार मात्र कोणत्याही कॅसेटीत नव्हता, आणि खरे सांगायचे तर आपल्या गप्पांतही नव्हता.

१३/
आता ऑगस्ट. ८ ऑगस्ट १९४२, मुंबईचे गवालिया टँक मैदान. अखिल भारतीय काँग्रेस समितीने ‘छोडो भारत’चा ठराव संमत केला. ‘क्विट इंडिया’ ही घोषणा युसुफ मेहेरअली यांची. ते त्या वर्षी मुंबईचे महापौर होते. ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसह सारे पुढारी पकडले गेले. त्याच सकाळी अरुणा असफ अली यांनी मैदानावर तिरंगा फडकवला. २७ ऑगस्टपासून उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईतूनच गुप्त काँग्रेस रेडिओ चालवू लागले; जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबरपर्यंत बोलत राहिला.

१४/
महाराष्ट्रात इतरत्र काय झाले? १६ ऑगस्टला चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला रक्त सांडले. ९ सप्टेंबरला सातारा जिल्ह्यातल्या वडूजला मोर्चावर गोळीबार झाला. त्याच दिवशी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा झेंडा हाती घेऊन निघालेल्या मिरवणुकीत गोळ्यांना सामोरा गेला. मुंबईला वीज पुरवणारे मनोरे पाडणाऱ्या ‘आझाद दस्त्या’चे भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर मारले गेले. शिरीषकुमारचे वय पार्लरमध्ये रांगेत उभ्या असलेल्या आम्हा पोरांएवढेच होते.

१५/
येथवरचा इतिहास पुष्कळांना शाळेतून ठाऊक असतो. आता जे सांगतो, ते ठाऊक असणारे कमी आहेत, आणि या धाग्याचे कारणही तेच आहे. ऑगस्टच्या मध्यास बिहारमध्ये लोकांनी जागोजागी रेल्वेचे रूळ उखडले, तारा तोडल्या. पूर्व सीमेवरच्या सैन्याची रसद त्या रुळांवरून जात होती. १५ ऑगस्ट १९४२ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी रेल्वेमार्ग तोडणाऱ्या जमावांवर विमानांतून मशीनगन चालवण्यास मुभा दिली.

१६/
ही अफवा नाही, सरकारी कबुली आहे. सप्टेंबरात कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी प्रश्न विचारला, तेव्हा सरकारतर्फे सर ॲलन हार्टली यांनी विमानांतून गोळीबार झाल्याचे मान्य केले. ते प्रसंग बिहारमधल्या पाटणा, भागलपूर व मुंगेर या जिल्ह्यांतले, बंगालमधल्या नदिया जिल्ह्यातले आणि ओरिसातल्या तालचेरचे. अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त जवाहरलाल नेहरूंनी या पाच जागांची नोंद केली आहे. पोलीस आणि लष्कर यांच्या गोळीबारात १,०२८ मृत आणि ३,२०० जखमी, हा सरकारी आकडाही तेथे आहे, आणि लोक तो खरा मानत नव्हते हेही.

१७/
३१ ऑगस्टला लिनलिथगोंनी चर्चिलला तार केली. १८५७ नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड असून त्याची तीव्रता आणि व्याप्ती आपण लष्करी सुरक्षिततेसाठी जगापासून लपवून ठेवली आहे, असा तिचा आशय होता. लपवून ठेवली, ही कबुली खुद्द व्हाइसरॉयची. जे साम्राज्याने तारेपुरते आणि युद्धापुरते लपवले, ते आपण स्वतंत्र झाल्यावरही फारसे उघडले नाही, हे आपले कर्तृत्व.

१८/
आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. त्या खेळात आपली माणसे कुठे असतात? १९४२ साली भारतात विमानाने गोळीबार केला, तेव्हा आपली माणसे विमानाखाली होती, रुळांवर. खेळात नेमकी तीच जागा रिकामी आहे. ‘१९४२’मध्ये जमिनीवर एकही लक्ष्य नाही, एकही माणूस नाही. खाली सरकतो तो निळा समुद्र आणि हिरवी बेटे. वरून पाहणाऱ्याला खालचे दिसू नये, अशी ती सोय आहे. आम्ही पोरे तासन्‌तास त्या नजरेने खाली पाहत होतो आणि खाली कोणी नव्हतेच.

१९/
यात कोणाचा कट नव्हता. वरून खाली सरकणारा पडदा ही त्या काळच्या यंत्रांची रचना होती. समुद्र काढायला सोपा आणि स्मृतीला हलका. माझे म्हणणे एवढेच आहे की तांत्रिक सोयीलाही एक दृष्टी असते. जो पडदा खेळाडूला सतत विमानात बसवतो, तो जग विमानातूनच दाखवतो. किती टक्के पाडले याचा हिशेब तो देतो. कोण खाली पडले, याची त्यात रकानाच नसतो. आणि ज्यांचे पूर्वज त्या रकान्यात मोडतात, त्यांनी तरी हे ओळखायला हवे होते.

२०/
आता आक्षेपांकडे वळू. पहिला : “हा फक्त खेळ आहे.” पार्लरकडे आपल्या राज्यसंस्थेनेही तसेच पाहिले. तिचा प्रश्न एवढाच, की यात कौशल्य आहे की नशीब, आणि परवाना लागतो की नाही. १९९५ च्या एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेमवरचे परवान्याचे नियंत्रण वैध ठरवले. तेथेही खल जुगाराचा झाला. पालकांची चिंता अभ्यासाची, पोलिसांची चिंता टोळक्यांची. पडद्यावर काय लिहिले आहे, हे कोणीच वाचले नाही. बाबांनी मात्र पडदा न पाहताच वाचले.

२१/
“मग काय, बंदी घालायची?” मुळीच नाही. तोही प्रयोग झालेला आहे. कॅरोल शॉ यांनी रचलेला, १९८२ चा ‘रिव्हर रेड’ हाही विमानाचाच खेळ. पश्चिम जर्मनीने डिसेंबर १९८४ मध्ये, म्हणजे ‘१९४२’ जन्मला त्याच महिन्यात, तो मुलांना घातक ठरवून यादीत टाकला. ती नोंद २००२ मध्ये निघाली. नदीवरून उडणारे एक चौकोनी विमान पाहून तेथे लष्करी प्रशिक्षणाची भीती वाटली! बंदी हा न वाचण्याचाच दुसरा प्रकार आहे. मला खेळ बंद नको. तो डोळे उघडे ठेवून खेळलेला हवा.

२२/
दुसरा आक्षेप अधिक गोड आहे : “आपणच आपला ‘१९४२’ बनवू. विमानावर तिरंगा रंगवू, वैमानिकाचे नाव मराठी ठेवू.” हे मला मुळीच मान्य नाही. विमानावरचे चिन्ह बदलल्याने पडद्याची नजर बदलत नाही. खालची जागा रिकामीच राहते. शिवाय त्या साली तिरंग्याचे विमान नव्हते. तिरंगा होता तो शिरीषकुमारच्या हातात, जमिनीवर. त्याला आकाशात नेऊन आपण त्याचा गौरव करत नाही. त्याला हाती धरणारा मुलगा चित्रातून काढून टाकतो.

२३/
खेळ बनवायचाच असेल तर जमिनीवरचा बनवा. काँग्रेस रेडिओचा विचार करा. एक प्रक्षेपक, थोडी माणसे, रोज ठरलेल्या वेळी बोलायचे. जास्त वेळ बोलले तर पोलिसांना जागा सापडते, कमी बोलले तर बातमी पोहोचत नाही. जागा बदलायची, तर यंत्र न्यायचे कसे, आणि नव्या घरात विश्वासाचे कोण? यात कौशल्य आहे, धोका आहे, घड्याळ आहे, नकाशा आहे. पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या अटकेपर्यंत सारे मुंबईत आहे. यासाठी एकही विमान लागत नाही.

२४/
तिसरा आक्षेप भावनेचा आहे : “तुम्ही मजुमदारांसारख्या वैमानिकांवर किटाळ आणता.” नाही. ब्रह्मदेशात जपान्यांशी झुंजलेल्यांचे शौर्य खरे आहे. १९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडलेले यशवंत घाडगे आणि १९४५ मध्ये तेथेच पराक्रम गाजवणारे नामदेव जाधव, या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन व्हिक्टोरिया क्रॉसधारकांचे शौर्यही खरे आहे. आणि त्याच साम्राज्याच्या विमानांनी भागलपूरच्या रुळांवर गोळ्या झाडल्या, हेही खरे आहे. बेचाळीसने आपल्याला दोन्ही सत्ये एकत्र दिली. ज्या इतिहासात त्यांपैकी एकच मावते, तो इतिहास तोकडा आहे.

२५/
मग दोष कोणाचा? ओकामोतोचा नाही, त्याने स्वतःच्या बाजारासाठी उत्तम खेळ रचला. पार्लरवाल्याचा नाही, त्याचे पोट नाण्यांवर होते. पोरांचा तर नाहीच. दोष आम्हा प्रौढांचा, ज्यांनी चाळीस वर्षे उलटल्यावरही त्या आठवणीला इतिहासाचे पद देऊन टाकले. दरवर्षी ९ ऑगस्टला आपण ऑगस्ट क्रांती मैदानाला वंदन करतो. पण १५ ऑगस्ट १९४२ चा तो हुकूम, कुंझरूंचा प्रश्न आणि त्या पाच जागा आपल्या भाषणांत येत नाहीत. रिकामी जागा कोणीतरी भरतेच. आपल्या बाबतीत ती एका कॅसेटीने भरली.

२६/
आणि हे सारे दूरचे आहे असे मनोरीकराने म्हणू नये. मार्वेच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आजही आय.एन.एस. ‘हमला’ हा नौदलाचा तळ आहे. त्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धातले. किनाऱ्यावर फौजा उतरवणाऱ्या नौकांच्या दलाशी जोडलेले. त्या फाटकासमोरून बसने जाऊन आम्ही मालाडला युद्धाचा खेळ खेळत होतो. खिडकीतून ती पाटी दर शनिवारी दिसे. हे नाव कशामुळे पडले, असे आमच्यापैकी एकानेही कधी विचारले नाही, आणि कोणी आपण होऊन सांगितलेही नाही.

२७/
म्हणून माझे मागणे लहान आणि नेमके आहे. शाळेत बेचाळीस शिकवताना गवालिया टँकच्या शेजारी भागलपूर, मुंगेर, पाटणा, नदिया आणि तालचेर ही पाच नावे फळ्यावर लिहा. मजुमदारांचे लायसँडर त्याच तासात शिकवा. आणि वर्गात कोणी ‘१९४२’ खेळले असेल, तर त्याला गप्प बसवू नका. त्याला पुढे बोलवा, पडद्याचे चित्र काढायला सांगा आणि मग विचारा : या चित्रात आपली माणसे कुठे आहेत? धडा तेथून सुरू होईल.

२८/
बाबा आता नाहीत. तो खेळ आजही मिळतो. मी अधूनमधून खेळतो आणि अजूनही वाईट खेळत नाही. फरक एवढाच पडला आहे की खालचा समुद्र मला आता रिकामा वाटत नाही. वाचकहो, आपल्या गावात, घराण्यात बेचाळीसची एखादी आठवण असेल : एखादा उखडलेला रूळ, भूमिगताला दिलेली भाकरी, तुरुंगातून आलेले पत्र, ब्रह्मदेशातून पायी परतलेला कोणी नातेवाईक, तर ती या धाग्याखाली गावाच्या नावासह जरूर लिहा. ज्यांच्या घरी अजून कोणी सांगणारे उरले आहे, त्यांनी आजच विचारून घ्यावे. धागा समाप्त.